एका दमात तिसरा मजला

मित्रांनो, जिन्याखाली रेनकोटांच्या ढिगाआडून एक गंजके हँडल डोकावते आहे ना, ती मी. विजेवर चालणारी एक जुनी स्कूटर. आत बॅटरी नाही, मागच्या चाकात हवा नाही. येणारा-जाणारा माझ्या आरशाला पिशवी अडकवतो आणि वर निघून जातो. मी काही म्हणत नाही. थकल्यावर माणूसही फार बोलत नाही, मी तर पत्र्याची. पण आज सांगते.

माझा जन्म याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात झाला. ताई इंजिनिअर, तिने मला बनवले. तिचा भाऊ तोंडाने गोड आणि पायाने चपळ, म्हणून विक्री त्याच्याकडे. सगळे त्याला धाकटाच म्हणत. त्या वेळी मोठमोठे कारखाने बॅटरी गाडीच्या पोटातच पक्की बसवत. गाडी चार्ज करायची तर दारात प्लग हवा. ताई म्हणाली, "ज्यांच्याकडे बंगला नाही, त्यांनी काय खिडकीतून वायर सोडायची?" म्हणून माझी बॅटरी सुटी होती. तिला वर कडी होती, डब्याला असते तशी. संध्याकाळी उचलायची आणि स्वयंपाकघरातल्या प्लगला लावायची. वरच्या मजल्यांवर राहणारी माणसे हेच आमचे गिऱ्हाईक.

पण बॅटरी किती जड चालेल? वजनकाटा वजन सांगतो, दमणूक सांगत नाही. त्या दोघांची आई तिसऱ्या मजल्यावर राहायची. ताईने माझी बॅटरी तिच्या हातात दिली. आई ती एका दमात वर घेऊन गेली आणि वरून ओरडली, "एवढंच? मला वाटलं काहीतरी जड देताय!"

तेव्हापासून तोच नियम झाला. नवी बॅटरी तयार झाली की आधी आई ती वर नेणार. मध्ये थांबली नाही तर पास. थांबली तर बॅटरी पुन्हा ताईच्या टेबलावर. आमचे मिस्त्री म्हणायचे, "साहेब दोन, पण परीक्षा घेणारी एकच." धाकट्याने तर जाहिरातच केली, 'आई उचलते, तुम्हीही उचलाल.'

गाड्या खपल्या. गाळा पुरेना म्हणून शेड घेतली, शेड पुरेना म्हणून कारखाना उभा राहिला. गावोगावी विक्रेते झाले. मला प्रदर्शनांत नेत. लोक माझ्या सीटवरून हात फिरवत, "हीच का ती पहिली?" म्हणून फोटो काढत. मग माझ्याहून देखण्या गाड्या आल्या आणि मी इथे जिन्याखाली आले. परीक्षा मात्र इथेच होत राहिली, कारण जिना इथे होता आणि आई इथे होती.

एका वर्षी आई दुसऱ्या मजल्यावर थांबली. "जरा जड वाटतेय गं." ताईने बॅटरी हलकी केली. पुढच्या वर्षी आई पुन्हा थांबली. ताईने आणखी हलकी केली. आता, बॅटरी हलकी करायची म्हणजे तिच्यातली वीज कमी करायची. दिवसभर धावणारी गाडी दुपारीच मान टाकू लागली. विक्रेते गाड्या परत पाठवू लागले.

एकदा धाकटा इथेच, माझ्यासमोर, ताईवर चिडला.

"अगं, लोक गाड्या ढकलत घरी जातायत! असंच चाललं तर कारखान्याला कुलूप लागेल."

"मग काय करू? जड केली की आई नापास करते."

"मग न विचारता विक."

"आईनं नापास केलेली बॅटरी मी विकणार नाही. लोकांनी त्याच शब्दावर गाड्या घेतल्यात ना?"

धाकट्याची नजर माझ्यावर पडली. माझी पहिली बॅटरी तेव्हा अजून सीटखालीच होती. त्याने ती ओढून काढली. "ही सगळ्यांत जड. ही आई हसत न्यायची. ही नेऊ दे तिला, म्हणजे तुझ्या नव्या बॅटरीत काय बिघडलंय ते कळेल."

आई खाली आली. "अगं बाई, ही अजून आहे?" म्हणत तिने कडीवर हात ठेवला, जुन्या मैत्रिणीच्या खांद्यावर ठेवावा तसा. उचलली. पहिल्या वळणापर्यंत गेली आणि पायरीवर बसली. तिचा श्वास मला खालपर्यंत ऐकू येत होता.

ताई धावत तिच्याजवळ गेली.

"आई... कधीपासून गं?" ताईने विचारले.

आई हसली, पण ते हसूही दमलेलेच होते. "बरेच दिवस झाले की. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. दर वर्षी हलकी करत होतात ना? मी म्हटलं, पोरं माझ्यासाठीच करतायत. बोलून कशाला दाखवायचं!"

ताई तिथेच खालच्या पायरीवर बसली. इतकी वर्षे तिने कडी बघितली होती, कडीवरचा हात बघितला नव्हता. त्या दिवशी माझी बॅटरी धाकट्याने उचलली आणि आईला ताईने.

डॉक्टरांनी जिना बंद केला. आईचे बिऱ्हाड माझ्या जन्माच्या गाळ्यात आले. आणि ताई म्हणाली, "आपल्या आईला जिना नको, तर दुसऱ्यांच्या आयांना तरी कशाला?" बॅटरी पुन्हा दणकट झाली, पण ती वर न्यायचे कामच उरले नाही. नाक्यावरच्या शिंप्याकडे, औषधाच्या दुकानात चार्जिंगची कपाटे आली. रिकामी बॅटरी ठेवायची, भरलेली घेऊन जायची. सोपे नव्हते ते. दुकानदार कुरकुरले, कारखाना बरेच दिवस अर्धाच चालला. पण जिथे कपाट गेले तिथे हळूहळू गाडीही गेली. आता कुलपाचे नाव कुणी काढत नाही.

नव्या बॅटऱ्या माझ्या कप्प्यात बसत नाहीत. माझी जुनी केव्हाच संपली. मला दुरुस्त करू असे दोघेही म्हणतात आणि घाईत निघून जातात. चालायचेच. सकाळी आई बाहेर येते, रेनकोट बाजूला करते आणि चपला घालायला माझ्या सीटवर टेकते. माझ्या रिकाम्या कप्प्यात ती चष्मा ठेवते. "तूही दमलीस का गं?" असे विचारते. मला एवढे पुरते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी म्हणाले, 'हल्ली हे जड लागतं,' तर नुसते ओझे हलके करून गप्प बसू नका. जवळ बसा, आणि कधीपासून ते विचारा. आणि जाताना माझ्या सीटवरचे रेनकोट तेवढे उचला. आईची बाहेर यायची वेळ झाली आहे.