दुसरं मत

चर्चच्या संडे स्कूलची मुख्य बाई होऊन मास्तरीणबाईंच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून बघू. पगार नाही. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली, पण त्यातली निम्मी पुस्तकं वाळवीने आधीच वाचून काढलेली. उपासना सुटल्यावर दाराशी पाळकसाहेबांच्या शेजारी उभं राहायचा मान. मुलांच्या कार्यक्रमात दोन शब्द बोलायची संधी, आणि बाईंचे दोन शब्द म्हणजे अर्धा तास. एवढ्यासाठी कुणी झोप उडवून घेत नाही. खरी मिळकत वेगळीच होती. ती किल्ली धाकटीच्या हातात दिसणार नव्हती.

धाकटी म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. मास्तरीणबाईंनी उभा जन्म हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवलं. धाकटीचं शिवणकामाचं दुकान. तरी रविवारी मुलं तिच्याच मागे. बायबलातली सिंहांच्या गुहेची गोष्ट सांगताना ती अशी डरकाळी फोडायची, की पुढच्या बाकावरची म्हातारी माणसं दचकून जागी होत. बाईंच्या वर्गात मुलं चिडीचूप. याला मान म्हणतात, असं बाई म्हणत. पण भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला, की त्यांच्या हातातला खडू मोडायचा.

जुन्या मुख्य बाई मुलीकडे राहायला गेल्या आणि जागा रिकामी झाली. चर्चच्या मंडळीत निवड नेहमी हात वर करून होई. बाईंनी ताडलं, की असे हात मोजले तर आपलं काही खरं नाही. अर्ध्या मंडळीचे कपडे धाकटीच्या दुकानात अर्धवट शिवून पडलेले. तिच्या देखत हात खाली ठेवायची कुणाची छाती होणार?

त्या पाळकसाहेबांकडे गेल्या. "गुप्त मतदान हा लोकशाहीचा प्राण आहे. मत देताना माणूस, त्याचा विवेक आणि देव. चौथं कुणी नको."

"पण बाई, आपण सगळी मिळून मूठभर माणसं. घरातल्या घरात..."

"विवेकाला गर्दी लागत नाही."

पाळकसाहेबांनी वहीत 'गुप्त मतदान' असं लिहून घेतलं. लहानपणी तेही बाईंच्याच वर्गात होते.

नियम बाईंनी स्वतः केले. पियानोमागे पडदा, दोरीला बांधलेली पेन्सिल, दोन छापील नावं आणि पसंतीच्या नावापुढे फुली, म्हणजे अक्षर ओळखायला नको. मोजणी झाली की चिठ्ठ्या जाळून टाकायच्या. "कुणाला मत दिलं, ते विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही," त्यांनी मंडळीला बजावलं. धाकटी पहिल्या बाकावरून कौतुकाने ऐकत होती. ते कौतुकही बाईंना खुपलं.

पडद्यामागे गेल्यावर त्यांची पेन्सिल थबकली. स्वतःलाच मत देणं नम्रतेत बसतं का? नागरिकशास्त्रात बसतं, असं ठरवून त्यांनी ठसठशीत फुली मारली.

पाळकसाहेब एकेक चिठ्ठी वाचत गेले, सुतारकाका फळ्यावर खडूने काठ्या ओढत गेले. धाकटीच्या नावाखाली लांबलचक कुंपण उभं राहिलं. बाईंच्या नावाखाली दोन काठ्या.

त्यातली एक त्यांची स्वतःची.

चहाच्या वेळी पियानोवाल्या आजी कानाशी आल्या. "माझं मत तुम्हालाच हं, बाई."

"काय लोक असतात!" बेकरीवाला म्हणाला. "मी मात्र तुमच्याच नावापुढे फुली मारली."

"आम्ही दोघांनीही," सुतारकाकांची बायको म्हणाली.

चहा संपेपर्यंत ते एकच मत बाईंना निम्म्या मंडळीने दिलं होतं.

घरी गेल्या गेल्या त्यांनी नवऱ्याला गाठलं. "खरं सांगा, तुम्ही कुणाला दिलंत?"

"विचारायचं नाही, सांगायचं नाही."

"अहो, मी बायको आहे तुमची!"

"चौथं कुणी नको, हे तुझेच शब्द," तो म्हणाला आणि शांतपणे वर्तमानपत्र उघडून बसला.

रविवारपासून त्या खोटारड्यांशी बोलणंच टाकायचं, असं बाईंनी पक्कं केलं होतं. पण मग लक्षात आलं, की त्यातला एक जण खरं बोलत असणार. तोडायचं कुणाला? आजींना ताप आला तेव्हा बाई सूप घेऊन गेल्या. न जाणो, त्याच असतील. बेकरीवाल्याच्या मुलीचे निबंध तपासले. सुतारकाकांचा नगरपालिकेचा अर्ज लिहून दिला. हरल्यावर बाईंना देव भेटला, असं लोक बोलू लागले. पाळकसाहेबांनी तर शेजाऱ्यावरच्या प्रीतीचा दाखला म्हणून उपदेशात त्यांच्याकडे बोट केलं.

एक शंका मात्र त्यांना आतून पोखरत होती. दुसरं मत धाकटीचंच असलं तर? पडद्यामागे जाऊन तिने हसत हसत बाईंच्याच नावापुढे फुली मारली असेल? हरणं एक वेळ पचलं असतं. तिचा मोठेपणा पचणारा नव्हता.

एका रविवारी धाकटी किल्ली खुळखुळवत आली. "ताई, मोठ्या मुलांना निवडणूक म्हणजे काय ते शिकवायचंय. मला कुठलं जमतंय? तुम्ही घ्याल वर्ग?"

"नाही" बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्याआधी दुसरंच निसटलं, "तू मला..."

"काय, ताई?"

कपाटाशेजारी नियमांचा कागद अजून लटकत होता, बाईंच्याच अक्षरातला.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "घेते."

आता बेरीज. धाकटीला किल्ली मिळाली आणि रविवारच्या तयारीपायी दुकानाकडे बघायला वेळ उरला नाही. मंडळीला हवी ती मुख्य बाई मिळाली, आणि त्याची किंमत मंडळी अजून जुन्याच कपड्यांत वावरून चुकवते आहे. ज्या कुणी दुसरं मत दिलं, त्याला एका फुलीपलीकडे खर्च नाही. त्या एका मताची सगळी फेड मास्तरीणबाईंच्या खाती: दर रविवारी, दाराशी, झाडून सगळ्यांना, गोड हसून.