तीन पावलांवरची बंदूक

माझा नवरा अर्विन जाऊन चार वर्षं झाली, तरी आमच्या खोऱ्यातल्या एकूण एक पुरुषाच्या मते माझं रक्षण अजून तोच करत होता. त्याची बारा बोअरची बंदूक पुढच्या खोलीच्या भिंतीवर, हरणाच्या खुरांच्या दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली होती. केंटकीच्या या डोंगरांत घर म्हटलं की खुंट्या आल्याच. पाहुणा येतो, टोपी काढतो, आधी बंदुकीकडे बघतो आणि मग माझ्याकडे. चाळीस वर्षं मी ती पुसली. कधी राग आला नाही, पण यंदा आला.

सप्टेंबरात डॅरलने लाथ मारून आमचं दार फोडलं. डॅरल म्हणजे माझ्या मुलीचा, ट्रिनाचा नवरा. ट्रिना त्याला सोडून सहा वर्षांच्या ओपलला घेऊन माझ्याकडे आली होती, त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. नशीब म्हणून आम्ही तिघी चर्चच्या जेवणाला गेलो होतो. परत येऊन बघतो तर चौकट निखळलेली, ट्रिनाचे कपडे अंगणात, आणि आरशावर तिच्याच लिपस्टिकने लिहिलेलं, ‘पुढच्या वेळी घरी थांबा.’ शेरीफचा माणूस यायला पन्नास मिनिटं लागली. त्याचा काही दोष नाही. रस्ताच तेवढा आहे.

डॅरलने आमच्या आसपास फिरकू नये म्हणून कोर्टाने मनाई हुकूम काढला आणि डॅरलच्या दोन्ही बंदुका जमा करून घेतल्या. आता कसं निवांत, असं सगळे म्हणाले. मी मात्र हिशेब केला, की पन्नास मिनिटं हे घर माझ्याच भरवशावर आहे. तर घरात काय असावं, ते मी ठरवणार.

माझा दीर हॉबर्ट दुसऱ्याच दिवशी आला. बीन्सची वाटी पुढ्यात घेतली आणि मला शिकवायला लागला.

“झेल्मा, कशाला डोक्याला ताप करून घेतेस? अर्विनची बंदूक आहे ना! नळीखालचा पंप मागेपुढे सरकवलास की झालं, खटॅक-खटॅक. तो आवाज ऐकून भलेभले चड्डीत मुततात.”

“डॅरल तो आवाज आठ वर्षांचा असल्यापासून ऐकतोय,” मी म्हटलं. “तुम्हीच त्याला शिकारीला नेत होता. त्याला त्या आवाजाने भूक लागते.”

“तू पण ना!”

“आणि आत काडतूस नसतं हेही त्याला ठाऊक आहे.”

हॉबर्टने कॉर्नब्रेडचा तुकडा तोंडात कोंबला.

मग मी लॉयडच्या दुकानात गेले. त्याच्याकडे पुढे गळ आणि गांडुळं मिळतात, मागे बंदुका. लॉयडने मला नखशिखांत न्याहाळलं आणि काचेखालून एक इवलंसं रिव्हॉल्वर काढलं. त्याची मूठ गुलाबी होती.

“बायकांसाठी हेच. वजन म्हणाल तर काहीच नाही. पर्समध्ये मावतं.”

“माझ्या पर्समध्ये औषधं मावत नाहीत, लॉयड. आणि मला ते बाजारात मिरवायचं नाही, घरात ठेवायचंय.”

“पण मिसेस स्टिडम, तुमच्या हाताला झेपेल असं...”

“माझ्या हाताचं मी बघते. तू आधी सांग, हलकी बंदूक जास्त दणका देते की जड?”

त्याला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा गुण. “हलकी,” तो पुटपुटला. मी काही न घेता घरी आले.

ट्रिनाला यातलं काहीच नको होतं. ती वृद्धाश्रमात दिवसपाळीला जाते, म्हाताऱ्यांना उचलून उचलून तिची कंबर गेली आहे. तरी घरी येऊन ती डॅरलचीच काळजी करायची. याआधी दोनदा तिने मनाई हुकूम मागे घेतला होता. दोन्ही वेळा तो रडला होता म्हणून.

“आई, तो ओपलचा बाप आहे,” ती म्हणाली. “तू ओपलसमोर तिच्या बापावर गोळी झाडणार?”

मला हा प्रश्न सुचला नव्हता असं तिला वाटत होतं. आठवडाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

“तशी वेळ येऊ नये म्हणूनच तर नीट निवडतेय,” मी म्हटलं.

आमचं घर म्हणजे ट्रेलर. ट्रकवर लादून आणलेलं आणि विटांच्या खांबांवर बसवलेलं लांबच लांब घर. एका टोकाला पुढची खोली आणि स्वयंपाक, दुसऱ्या टोकाला माझी खोली, मध्ये बोळ. बोळाच्या कडेला ट्रिना आणि ओपलची खोली. एका शनिवारी मी ओपलला सोबत घेतलं आणि घर पावलांनी मोजायला काढलं. तिला मोजायला फार आवडतं, आणि मला, म्हणजे आजीला, ती मॅमॉ म्हणते.

माझ्या पलंगापासून खुंट्यांपर्यंत एकोणीस पावलं भरली. मग ओपल आपणहून दाराशी गेली आणि तिथून मोजत आली.

“एक, दोन, तीन! मॅमॉ, दारापासून तीनच!”

मी तिथेच खुर्चीवर बसले. एवढी वर्षं आम्ही ती बंदूक माझ्यासाठी टांगून ठेवली होती आणि ती होती दारातून येणाऱ्याच्या हाताशी. सप्टेंबरात डॅरलने तिला बोट लावलं नव्हतं, कारण तेव्हा त्याच्या गाडीत स्वतःच्या दोन होत्या. आता एकही नव्हती. त्याला ठाऊक असलेली सगळ्यात जवळची बंदूक माझ्या भिंतीवर होती, आणि काडतुसं कुठल्या खणात असतात हेही त्याला माहीत होतं.

मी ती त्याच दिवशी उतरवून हॉबर्टच्या लोखंडी कपाटात ठेवायला दिली. हॉबर्टने ती घेतली, पण चेहरा असा केला जणू मी अर्विनला दुसऱ्यांदा पुरायला निघालेय.

नोव्हेंबरात आमच्या अग्निशमन दलाच्या मैदानात टर्कीची नेमबाजी असते. टर्की नावालाच. कागदाच्या मधोमध फुली असते, तिच्या सर्वांत जवळ ज्याचा छर्रा लागेल त्याला हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, मिळते. अख्खं खोरं जमतं. पुराच्या साली आमची मागची खोली नव्याने बांधली, तेव्हाचे भिंतीचे तक्ते शेडमध्ये उरले होते. त्यातले दोन आणि ओपलची उशी घेऊन मी गेले. तक्ते एकामागे एक उभे केले, मागे खुर्चीवर उशी ठेवली.

“हे काय काढलंस?” हॉबर्टने विचारलं.

“माझं घर आहे. हा बोळ आणि ही ओपलची खोली. तुम्ही सगळे मला एवढं शिकवता ना, मग आता झाडा.”

हसले सगळे. हॉबर्टने सहा पावलांवरून अर्विनच्याच बंदुकीने बार काढला, तोही चिमण्या मारायच्या बारीक छऱ्यांचा. हे छर्रे भिंतीतून जात नाहीत, असं त्यानेच मला सांगितलं होतं. दोन्ही तक्त्यांना मूठ जाईल एवढं भोक पडलं आणि उशीतली पिसं पलीकडे शिजत असलेल्या राजमा-खिम्याच्या चिलीच्या पातेल्यापर्यंत उडाली. मग लॉयडने पिस्तूल झाडलं. तेही आरपार गेलं. लॉयडने दुसरं आणलं, तिसरं आणलं. एकही भिंतीत अडकलं नाही.

हसणं कधी थांबलं ते माझ्या लक्षात आलं नाही. हॉबर्ट उशी हातात घेऊन उभा होता. सत्तर वर्षांचा हा माणूस आयुष्यभर गोठ्यांच्या आणि लाकडी घरांच्या जाड भिंतींत वाढला. आमच्या भिंती पुठ्ठ्यापेक्षा थोड्याच बऱ्या आहेत, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“आता?” त्याने विचारलं. चाळीस वर्षांत त्याने मला पहिल्यांदा सल्ला विचारला.

“आता पूर अडवायला ठेवलेल्या वाळूच्या गोण्या द्या,” मी दलाच्या प्रमुखाला म्हटलं. तक्त्यांमागे गोण्या रचल्या, त्यांच्यामागे उशीचं जे काही उरलं होतं ते ठेवलं. पुन्हा सगळ्यांनी बार काढले. या वेळी उशी हलली नाही.

मग मी स्वतः झाडून बघितलं. गुलाबी मुठीच्या रिव्हॉल्वरने माझं मनगट दुखावलं आणि तक्ता सोडून भलतीकडेच गोळी गेली. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग माझ्या सांधेदुखीच्या बोटांना मागे ओढवेना. अर्विनची बंदूक खांद्याला लावली, तेव्हा मी ओपलला बोलावून डाव्या हाताला लोंबकळायला सांगितलं. अर्थात काडतूस काढून.

“मॅमॉ, तुझा हात हलतोय,” ओपल म्हणाली.

“हलणारच. तिला दोन हात लागतात आणि माझा एक तुझ्याकडे आहे.”

शेवटी लॉयडच्या पेटीतलं सगळ्यात जुनं, पोलादी, लांब नळीचं रिव्हॉल्वर घेतलं. जड होतं, दिसायला कुरूप होतं, पण दणका सोसवेल असा होता आणि त्यात ओढायला काही नव्हतं. सहा पावलांवरून पाच गोळ्या झाडल्या. पाचही बशीएवढ्या जागेत लागल्या.

“हे,” मी म्हटलं.

त्याच्या बदल्यात मी नंतर लॉयडला अर्विनची बंदूक दिली, गाजावाजा न करता; घरच्यांशिवाय ते कुणाला ठाऊक नव्हतं. हॉबर्ट आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मला त्याचं वाईट वाटलं, आणि अर्विनचंही. रात्री त्या रिकाम्या खुंट्यांकडे बघून मी रडलेही. पण निर्णय बदलला नाही.

मग घराची मांडणी बदलली. ट्रिना आणि ओपलच्या खाटा माझ्या खोलीत आणल्या. कोपऱ्यात कमरेएवढ्या उंच गोण्या रचल्या, मागे ओपलची नवी उशी ठेवली. रिव्हॉल्वर आकड्यांच्या कुलपाच्या पेटीत, आणि ती पेटी पलंगाला स्क्रूने पक्की. ओपलला मी खेळ म्हणून काही सांगितलं नाही, खरं तेच सांगितलं. मी ‘गोण्या’ म्हटलं की तिथे जाऊन बसायचं आणि मी म्हणेपर्यंत उठायचं नाही. ट्रिना दारात उभी राहून बघत होती. पुढच्या सोमवारी कोर्टाची तारीख होती, आणि हुकूम पुढे चालू ठेवायचा की नाही, हे ती मला सांगत नव्हती.

शुक्रवारी दुपारी ओपल शाळेच्या बसमधून उतरून बोलोनी सँडविच खात होती. डॅरलच्या गाडीचा सायलेन्सर फुटका आहे, दोन वळणं आधीच ऐकू येतो. मी शेगडी बंद केली.

“ओपल, गोण्या.”

तिने सँडविच टाकलं आणि पळाली. मी पेटी उघडली, पोलिसांना फोन लावून पलंगावर ठेवला, पलीकडच्या बाईला पत्ता सांगितला. डावा हात ओपलच्या डोक्यावर होता. ती खाली बसली, तेव्हा तोही रिव्हॉल्वरवर आला. मी खोलीच्या चौकटीला खांदा टेकून उभी राहिले.

दुसऱ्या लाथेला दार उघडलं. डॅरल आत आला. त्याने ट्रिनाला हाक मारली नाही. ओपललाही नाही. दारातून तीन पावलं टाकली, न बघता, सवयीने, आणि उजवा हात वर केला.

हात खुंट्यांवर पडला आणि तिथेच राहिला. त्याने एक खुंटी चाचपली, मग दुसरी.

“डॅरल,” मी म्हटलं.

तो वळला. “अर्विनची बंदूक कुठाय?”

“विकली. हातातली बघ. ओपल माझ्याकडे गोण्यांमागे आहे. तुझ्यामागे ती भिंत आहे, आणि भिंतीमागे डोंगर. मध्ये दुसरं कुणी नाही. मी सगळं मोजलंय.”

“तू नाही झाडणार, मॅमॉ. पोरीसमोर?”

“पोरीसाठी.”

उशीची आणि माझ्या पाच गोळ्यांची गोष्ट खोऱ्यात सगळ्यांना माहीत होती. त्यालाही माहीत असणार. तो माझ्या हातांकडे बघत होता, कधी हलतात म्हणून. ते हलले नाहीत. तो एक पाऊल पुढे आला असता तर मी झाडली असती. लोक विचारतात म्हणून सांगते. तो मागे सरकत गेला आणि दाराबाहेर पडला.

शेरीफची गाडी सेहेचाळीस मिनिटांनी आली. डॅरल त्यांना पेट्रोल पंपावरच सापडला. तो म्हणाला, मी फक्त मुलीला भेटायला गेलो होतो.

ट्रिना कामावरून धावत आली. ओपलला कवटाळून तिने मला तेच विचारलं, “आई, भेटायलाच आला असेल का गं तो? रडत होता का?”

मी तिचा हात धरून तिला दाराशी उभं केलं आणि त्याने काय काय केलं ते जसंच्या तसं करून दाखवलं. एक, दोन, तीन पावलं, आणि हात वर.

ट्रिना खुंट्यांकडे बघत राहिली. मग हॉबर्ट आला. दारातच टोपी काढली, रिकाम्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाला, “खुंट्या काढून टाकू का, झेल्मा?”

“राहू देत,” ट्रिना म्हणाली.

सोमवारी न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं, हुकूम चालू ठेवायचा की मागे घ्यायचा. डॅरल पलीकडच्या बाकावर होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

“चालू ठेवायचा,” ट्रिना म्हणाली. आवाज पार शेवटच्या बाकापर्यंत गेला. “तो म्हणतो मुलीला भेटायला आला होता. त्याने मुलीला हाक नाही मारली. आधी बंदुकीसाठी हात घातला.”