बंद गाडीच्या ओल्या काचा

ऑक्टोबर संपला की वेल्सच्या किनाऱ्यावरचा आमचा कॅरव्हॅनतळ, म्हणजे सुट्टीत राहायच्या घरवजा गाड्यांचा तळ, बंद होतो. मंडळी आपापल्या घरी जातात आणि मार्चपर्यंत इथे मी एकटी. गाड्या ओलीनं कुजू नयेत हे माझं काम. गाद्या भिंतीपासून ओढून उभ्या करायच्या, कपाटांची दारं उघडी टाकायची, ओल शोषायला मिठाचे वाडगे ठेवायचे. बोलायला कुणी नसतं. गावात ब्रेड घ्यायला गेले की आधी खाकरावं लागायचं, नाहीतर आवाजच फुटत नसे.

डिसेंबरातल्या एका सकाळी शेवटच्या रांगेतल्या एका गाडीकडे लक्ष गेलं. काचा आतून निथळत होत्या. रिकाम्या गाडीला असा घाम सुटत नाही. आत कुणीतरी राहत होतं.

दार वाजवलं. बऱ्याच वेळानं ते किलकिलं झालं. गाडीचा मालकच होता, डडली गावचा क्लिफर्ड. सत्तरीचा माणूस, अंगात दोन स्वेटर. मागे दोरीवर मोजे वाळत होते, उघड्या पातेल्यात बटाटे रटरटत होते.

"मॅव्हिसनं घराबाहेर काढलं," तो म्हणाला. "एवढा संसार झाल्यावर! म्हणे, तुझं तोंड बघायचं नाही. हिवाळ्यात इथे राहायचं नसतं, ठाऊक आहे मला. वर सांगणार ना तुम्ही?"

मी बघत होते ती जमिनीलगतच्या जाळीकडे. तिच्यात वर्तमानपत्रं कोंबली होती.

"हे कुणी केलं?"

"मीच. वारा येत होता."

"अहो, यायलाच हवा तो! आत गॅस पेटवून ही भोकं बुजवता? ओलीचं राहू द्या, एखाद्या सकाळी उठलाच नसतात!" मी गुडघ्यांवर बसून सगळे कागद उपसले. गादी उचलली, तर खाली काळी बुरशी. "पातेल्यावर झाकण ठेवत जा. ओले कपडे माझ्याकडे आणून द्या. आणि वरची खिडकी बोटभर उघडी."

"गारठून मरेन की, नेस्टाबाई."

"कोट घाला. थंडीला कोट तरी आहे, ओलीला काही नाही."

वर मी कुणाला कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी तो ओले मोजे घेऊन आला, आणि मग येतच राहिला. कधी मी जायची. उघड्या खिडकीखाली कोट-टोप्या घालून आम्ही चहा प्यायचो. तो बोलायचा मॅव्हिसबद्दलच. ती कशी घोरते, रताळी किती करपवते. मला त्याचं काही वाटत नसे. माणसाचा आवाज ऐकू यायचा, तेवढं पुरे होतं. ब्रेड घेताना खाकरायची गरज पडेनाशी झाली.

फेब्रुवारीत मॅव्हिस जिन्यावरून पडली. कंबरेचं हाड मोडलं. फोन आला तेव्हा तो माझ्याकडेच होता. "ये, म्हणाली," एवढंच बोलला आणि टोपी शोधायला लागला. टोपी डोक्यावरच होती. मी त्याला बसथांब्यापर्यंत सोडलं. त्याच्या गाडीतल्या गाद्या मी एकटीनंच उभ्या केल्या.

ईस्टरला दोघं आली. मॅव्हिस काठी टेकत उतरली.

"तुम्हीच का नेस्टाबाई? काय शिकवून ठेवलंत हो या माणसाला! आता घरातसुद्धा खिडक्या उघड्या ठेवतो मेला. मी पांघरुणात कुडकुडते!"

मला हसू आलं. तिनं हाताला धरून मला आत बसवलं, केक कापला. मग दोघं डडलीच्या गोष्टी सांगू लागली. शेजारच्या कुण्या रॉनीनं कुंपण कुठे सरकवलं, लॉराईनच्या धाकटीचं लग्न कसं मोडलं. एक सांगायला लागला की दुसरा मध्येच दुरुस्त करायचा आणि दोघंही हसायची. यातलं कुणी मला माहीत नव्हतं. मी केक संपवला आणि उठले.

क्लिफर्ड दारापर्यंत आला. "थांबा ना थोडं."

"पुढच्या रांगेचं हिवाळ्यात तोडलेलं पाणी जोडायचंय," मी म्हटलं.

ते मी आदल्या दिवशीच जोडलं होतं. तरी पाना घेऊन त्या रांगेत गेले आणि अंधार पडेपर्यंत एकेक नळ पुन्हा तपासत बसले.