सैल सोड

माझ्याकडे येणाऱ्या बायका आधी कंबर दुखते म्हणतात. खरं दुखणं दाराला कडी लागल्यावर बाहेर पडतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व्यायामाने ताळ्यावर आणणं, हे माझं काम. खोकलं की थेंब गळणं, अंग बाहेर येणं, नवऱ्याजवळ जाताना दुखणं, सगळं ऐकते. लाजायचं असेल तर बाहेर लाजून या, असं मी तोंडावर सांगते.

एक पोरगी सासूबरोबर आली. पाचवा महिना होता. ती बसायच्या आत सासू बोलती झाली, "दोनदा गेलं हो हिचं. आत काही टिकतच नाही."

"काकू, तुम्ही बाहेर बसा. तुमचं काही दुखलं की तुमचं ऐकेन."

बाई तणतणत गेल्या.

तिच्या डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला होता, म्हणून आतून तपासायचं नव्हतं. मी नुसता पोटावर हात ठेवला आणि चाटच पडले. पोट कसलं, पाटा! मांड्या आवळलेल्या, दात आवळलेले. बसलं की खाली ठणका, लघवी सुटता सुटत नाही.

"दिवसभर करतेस काय गं?"

"धरून ठेवते," ती म्हणाली.

कुठल्याशा व्हिडिओत बघून व्यायाम शिकली होती. स्नायू आत ओढायचे, जरा थांबायचं, मग सोडायचे. हिने सोडायचं तेवढं गाळून टाकलेलं. भांडी घासताना, जिना उतरताना, फोनवर बोलताना बाई आपली आवळूनच. दोन लेकरं निसटली, तिसरं निसटू द्यायचं नाही म्हणून.

"अगं वेडाबाई, बाळ या स्नायूंनी धरलेलं नसतं. ते पिशवीत असतं. पिशवीचं तोंड वेगळं, त्याला टाका आहे. तू जीव जाईस्तोवर आवळलंस तरी ते तिथवर पोचत नाही."

तिने मान माझ्याकडे वळवली.

"म्हणजे माझ्या हातात काहीच नाही?"

खोटं बोलायला मला जमत नाही. "ते नाही," मी म्हटलं. "पण हा ठणका तरी जाईल. सैल सोड."

तिला कुशीवर वळवलं, गुडघ्यांत उशी दिली. श्वास पार खालपर्यंत जाऊ दे म्हटलं. पुन्हा पुन्हा घाबरून आवळायची. शेवटी एकदाचं सैल पडलं, तशी तिने चटकन हात खाली नेला. "पडलं तर नाही ना काही?" आणि ढसाढसा रडायला लागली.

मग ती दर आठवड्याला येऊ लागली. ठणका कमी झाला. चेहऱ्यावर रंग आला. सासूबाई दारातून डोकावून म्हणायच्या, "घरी मीच आठवण करून देते हो हिला. सैल सोड, म्हणते." मला बाई आवडायला लागल्या होत्या.

आणि एका सकाळी त्यांचाच फोन. रात्री तिचं पाणी गेलं होतं. टाक्याचा काही उपयोग झाला नाही. बाळ राहिलं नाही.

ती पुन्हा आली तेव्हा अंगातला ड्रेस ढगळ झाला होता. टेबलावर आडवी झाली. तिने लगेच विचारलं, "ताई, मी सोडलं म्हणून गेलं का?"

"नाही."

"मला बरं वाटावं म्हणून म्हणताय?"

"मी कुणाला बरं वाटावं म्हणून बोलते का? विचार बाहेर कुणालाही. नाही म्हणजे नाही. आवळून बसली असतीस तरी गेलंच असतं."

तिने मान हलवली. "डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या. पटतं मला, अगदी पटतं." मग म्हणाली, "पण त्या रात्री मला इतकी छान झोप लागली होती, ताई. किती महिन्यांनी. जाग आली ती अंथरूण ओलं झालं म्हणून."

मी एरवी एका वाक्याला चार ऐकवणारी. तेव्हा नुसती उशी घेतली आणि तिच्या गुडघ्यांत दिली.

"आता डोळा लागायला लागला की उठून बसते मी," ती म्हणाली.

मी तिच्या पायांवर चादर ओढली, तिथेच स्टूल घेऊन बसले, आणि तिच्याआधी मीच रडले.