न सांडलेली दारू

मी एक पितळी काडतूस बोलतोय. घाबरू नका, सध्या माझं पोट रिकामं आहे. आर्डिथ हल्सच्या स्वयंपाकघरात, टेबलावर एका बशीशेजारी मी आडवा पडलोय. आत दुसरं कोणी नाही, म्हणून म्हटलं आपणच बोलावं.

माझा जन्म कारखान्यातला. पितळेच्या चकतीला दाबून दाबून लांबट केलं आणि बुडाशी ठिणगीची टोपी बसवली. पहिली गोळी आणि पहिली दारू कारखान्यानंच भरली. दारू म्हणजे बंदुकीची हं. दुसरी या घरात चालत नाही. यांच्या चर्चच्या नियमानं इथे कॉफीसुद्धा वर्ज्य.

मला विकत घेतलं थेन हल्सनं. सॅमन नदीकाठचं हे गाव, मागे डोंगर आणि गावात एक लाकूडगिरणी. थेन त्या गिरणीत करवतींना धार लावायचा. जन्मभर करवतींशी खेळला आणि दहाही बोटं शाबूत घेऊन घरी बसला. गिरणीच्या माणसांत ही गोष्ट एवढी दुर्मीळ, की चर्चमध्ये हात मिळवताना लोक त्याची बोटं निरखून बघायचे. आर्डिथला तर नवऱ्याच्या त्या बोटांचा केवढा अभिमान! "थेनच्या हातून चूक होत नाही," हे ती कोणी विचारलं नसलं तरी सांगायची. आणि आम्हालाही ते खरंच वाटायचं.

माझा पहिला बार एका हरणावर झाला. गोळी गेली, मी पाइनच्या वाळक्या काड्यांत पडलो. वाटलं, संपलं आपलं. पण या लोकांची एक खोड आहे: बार झाला की आधी काडतूस शोधतात, हरीण मागाहून. थेननं मला खिशात घातलं, घरी आणून घासलं, नवी टोपी बसवली आणि पुन्हा भरलं. असं किती वेळा झालं ते आता आठवत नाही.

गोळ्या तो स्वतः ओतायचा. टायरच्या दुकानातून चाकांना लावायची जुनी शिशाची वजनं आणायची, गॅरेजच्या दारात शेगडीवर वितळवायची, मेणाचा तुकडा टाकून वरची मळी काढायची आणि साच्यात ओतायची. शिसं मऊ. जोरात ढकललं तर नळीलाच फासलं जातं. म्हणून अशा गोळीमागे दारू बेताची लागते. आर्डिथ एका हिवाळ्यात बर्फावर घसरून खांद्यावर पडली होती, तेव्हापासून तिलाही बेताचाच धक्का सोसायचा. आम्ही खास तिच्यासाठी भरलेली हलकी काडतुसं.

बेताची दारू म्हणजे नेमकी कोणती, इथेच सगळं अडतं. थेन वर्षानुवर्षं एक फुगीर दारू वापरायचा. भरड, हलकी, चुरलेल्या गवतासारखी. थोडी घातली तरी आमचं पोट अर्ध्याच्या वर भरायचं. चुकून दोनदा पडली तर तोंडातून उतू जाऊन टेबलभर व्हायची. मग थेन शिवी गिळून झाडू घ्यायचा, कारण त्या घरात शिव्याही चालत नाहीत.

पुढे ती दारू दुकानात येईनाशी झाली. दुकानदारानं दुसरीचा डबा दिला: खसखशीसारखी बारीक, झटकन पेटणारी, लोक पिस्तुलात वापरतात तसली. रायफलच्या काडतुसाला तिची चिमूट पुरे. थेन खूश होऊन घरी आला. त्याचा मित्र ऑर्व्हल गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसला होता. ऑर्व्हल गिरणीतलाच, पण त्याची बोटं आठ.

"हा डबा मला पुरून उरेल," थेन म्हणाला.

"तुला पुरायलाच आलाय तो."

"करवतीनं तुझी बोटं नेली, जीभ न्यायला हवी होती."

"ऐक जरा. जुनी दोनदा घातलीस तर सांडायची. ही दोनदा घाल, तीनदा घाल, काडतूस उपाशीच दिसतं. चूक दाखवणारी दारू घ्यावी माणसानं. ही चूक पोटात ठेवते."

"दोनदा घालायला मी काय ऑर्व्हल आहे?"

ऑर्व्हल हसला. पण जाताना त्यानं डबा उचलून त्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

त्या हिवाळ्यात थेननं आम्हाला भरायला घेतलं. लाकडी ठोकळ्याच्या भोकांत आम्ही तोंडं वर करून ओळीनं उभे होतो. मापाचा दांडा खाली ओढायचा, चिमूटभर दारू आत पडायची, मग पुढचा. माझी पाळी झाली, माझ्या शेजाऱ्याची झाली, आणि थेनचा हात थांबला. तो स्टुलावर बसून डावा दंड दाबत राहिला. गॅरेजमध्ये एवढा गारठा, आणि ह्याच्या कपाळावर घाम. बऱ्याच वेळानं उठला तेव्हा त्याची नजर काही जाग्यावर नव्हती. त्यानं माप पुढे न्यायचं ते मागे आणलं, दांडा ओढला आणि दारू पुन्हा माझ्यातच पडली. मग पुन्हा शेजाऱ्यात.

शेवटी सवयीप्रमाणे त्यानं टॉर्च घेऊन एकेकात डोकावून पाहिलं. खोल तळाशी काळं काहीतरी दिसत होतं, सगळ्यांत सारखंच. सांडलं तर काहीच नव्हतं. त्यानं आमच्या तोंडात गोळ्या दाबल्या. काडतुसाला तोंड असून उपयोग काय, ते शिशानं बुजवलेलं. मी कोणाला काय सांगणार?

दंडाचं दुखणं त्यानं बायकोला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी चर्चची पायरी चढताना तो कोसळला, तो गेलाच.

अंत्यविधीनंतर लोक बटाट्याचे आणि चीजचे थाळे घेऊन घरी जमले. ऑर्व्हल टोपी हातात धरून आर्डिथपाशी आला.

"थेननं भरलेली काडतुसं मला दे. गेलेल्या माणसानं भरलेली काडतुसं उडवायची नसतात, आत किती घातलंय ते विचारायला तो नसतो, तुला ठाऊक आहे. फोडून दारू गुलाबांच्या मुळाशी टाकतो. गुलाब झकास येतात."

"गुलाबांना मी शेणखत घालीन. माझ्या खांद्यासाठी त्यानं केलेली शेवटची वस्तू आहे ती. तिला हात लावायचा नाही."

आमची पेटी तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. उन्हाळाभर ती पेटी उघडायची, आमच्यावरून बोट फिरवायची आणि झाकण लावायची. "त्याच्या वाढदिवसाला उडवीन," म्हणायची. ते बोट माझ्यावरून गेलं की माझा जीव वरखाली व्हायचा. दुप्पट दारूनं पोलाद फाटतं, आणि ते फाटतं ते गालाला अगदी चिकटून. ती माझ्यावर माया करत होती आणि मी तिचं मरण पोटात घेऊन बसलो होतो. इतकी भीती मला आगीचीही कधी वाटली नव्हती.

मग एल्क या थोराड हरणाच्या शिकारीचा हंगाम आला. मुलगी मार्वा बापाची रायफल घेऊन डोंगरावर निघाली.

"आई, बाबांची हलकी काडतुसं दे ना थोडी. तंबूपाशी रानकोंबडी दिसली तर बरी पडतात. मोठ्या बारानं नुसती पिसं हाती येतात."

"ने की. तुझ्याच बापाची आहेत."

आर्डिथनं मूठभर काढून तिच्या कोटाच्या खिशात घातली. त्या मुठीत माझा शेजारी गेला. मी पेटीत राहिलो.

आज दुपारी ऑर्व्हल जेवायला आला होता. बोलता बोलता मार्वाचा विषय निघाला आणि त्याचा चमचा ताटलीत थांबला.

"तू तिला थेनची काडतुसं दिलीस?"

"दिली. तुझी भुणभुण अजून संपली नाही का?"

"त्या नव्या दारूची होती ती."

"बरं, फोड एक आणि बघ. मग तरी गप्प बसशील."

ऑर्व्हल गाडीतून पोकळ हातोडा घेऊन आला. त्यात काडतूस अडकवून फरशीवर आपटलं की बार न होता गोळी निखळून येते. पहिलं काडतूस फोडून त्यानं दारू बशीत ओतली. चिमूटभर, अगदी बेतशीर.

"पाहिलंस?" आर्डिथच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. "थेनच्या हातून चूक होत नाही. आता मीच तुला एक निवडून देते."

तिनं पेटीत बोटं घातली आणि मला उचललं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? दोन-तीन ठोक्यांत माझ्या तोंडातलं शिसं सुटलं. ऑर्व्हलनं मला बशीवर पालथं केलं. पहिल्या ढिगाशेजारी दुसरा ढीग पडला. पडतच राहिला.

ऑर्व्हलनं ढिगावर तळवा ठेवला, जणू झाकल्यानं ते नाहीसं होणार होतं. आर्डिथनं त्याचा हात बाजूला केला.

"दमला असेल रे तो," ती हळूच म्हणाली. मग ती ताडकन उठली. "ऑर्व्हल, मार्वा."

त्यांनी फोन लावला. खिंडीच्या वर फोन चालत नाही, हे दोघांना माहीत होतं, तरी लावला. पुन्हा लावला. ऑर्व्हल जेवण अर्धवट टाकून पिकअपमध्ये बसला. मार्वाचा तंबू वरच्या तळ्यापाशी; तिथला रस्ता दोन तासांचा, पुढे पायवाट. रानकोंबड्या संध्याकाळी तळ्यावर उतरतात.

तुम्हा भरणाऱ्या लोकांना हात जोडून एकच सांगतो. दारू घेताना डबा किती दिवस पुरेल हे बघू नका. चुकलात तर जी टेबलावर सांडेल, तीच घ्या. तुमचे हात कितीही चांगले असोत, एखाद्या दिवशी ते दुखतात.

ऊन आता उतरायला लागलंय. आर्डिथ मागच्या दारात उभी आहे, अंगावर शालही घेतली नाही. हंगाम असल्यानं डोंगरात चहूकडून बार ऐकू येतात, कोणाचा कुठला ते कळत नाही. बार झाला की ती दाराची चौकट घट्ट धरते आणि त्याच बाजूनं दुसरा बार होईपर्यंत सोडत नाही. दुसरा झाला म्हणजे उडवणारा धड आहे.

आत्ताच तळ्याच्या अंगानं एक बार झाला. तिनं चौकट धरलीय.