पावतीवर तीन शिक्के

हर्षदा माहितीपुस्तकं घेऊन आली तेव्हा माझ्या बैठकीत अपूर्णांक चालू होते. आठ वर्षांचा गौतम कागदाच्या पोळीचे तीन सारखे भाग करत होता. तिसरा भाग दर वेळी लहान निघायचा आणि तो दर वेळी नवी पोळी कापायचा. मला घाई नव्हती. चौथी पोळी त्याने कळून कापावी, एवढंच मला हवं होतं.

"सर, हे बघता का?" हर्षदाने चार पुस्तकं सतरंजीवर ठेवली. "तीन नुसतीच बघा. चौथं नीट वाचा."

हर्षदा माझी जुनी विद्यार्थिनी. पाचवीपासून दहावीपर्यंत मी तिला गणित शिकवलं, तेव्हा मी हैदराबादला, काचीगुड्याजवळच्या मराठी शाळेत मुख्याध्यापक होतो. आता ती कोठीच्या कॉलेजातून बी.कॉम. झाली होती आणि तिला परदेशात एमबीए करायचं होतं. अमेरिकेच्या दोन कॉलेजांची फी ऐकून तिच्या वडिलांनी पुस्तकं न उघडताच परत दिली होती. इंग्लंडची फी एखादवेळी जमली असती, पण तिथलं राहणं जमलं नसतं. चौथं कॉलेज सायप्रसमधलं. समुद्राकाठचं गाव, एका वर्षाचा अभ्यासक्रम, इतरांच्या पावपट फी, आणि उन्हाळ्यात हॉटेलात पगारी काम.

"म्हणजे जवळजवळ फुकटच पडतं, सर."

"फुकट कोण शिकवतं ग?"

"तुम्ही," ती म्हणाली, आणि गौतम खुदकन हसला.

ते अठ्ठ्याण्णव साल होतं. दिलसुखनगरच्या प्रत्येक जिन्याला परदेशाची पाटी लागली होती. खाली फोटोकॉपीचं दुकान, पहिल्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास, दुसऱ्यावर ऑस्ट्रेलिया. आमच्यासारख्या घरांतून तीन-तीन पिढ्या सरकारी कचेऱ्यांत गेल्या. त्या घरांतली मुलं आता संध्याकाळी ते जिने चढत होती. मला ते वाईट वाटत नव्हतं. मुलांनी लांब जावं म्हणून तर मी त्यांना शिकवत आलो होतो.

आठवड्याने तिचे वडील, दिगंबरराव, स्वतः आले. कोर्टात शिरस्तेदार. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल.

"सर, एक विचारायचं होतं. तो किशोरबाबू, दिलसुखनगरचा, मुलांना परदेशी पाठवणारा एजंट, ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घेतो म्हणतो. दहावीपासून डिग्रीपर्यंत सगळी. द्यावीत का?"

मी फार विचार केला नाही, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. माझ्या शाळेत नवा शिक्षक रुजू झाला की त्याची मूळ प्रमाणपत्रं मी स्टीलच्या कपाटात ठेवून घ्यायचो. दिगंबररावांची त्यांच्या पहिल्या नेमणुकीत दोन वर्षं कचेरीत होती. इकडची कॉलेजंही ठेवतात. कागद ज्याच्याकडे, तो जबाबदार, अशीच आमची समजूत. जो ओरिजिनल मागत नाही, त्याचाच आम्हाला संशय यायचा.

"रीतच आहे ती," मी म्हणालो. "फक्त पावती घ्या."

त्यांनी पावती घेतली. दुसऱ्या दिवशी मला दाखवायलाही आणली. एक चौकोनी शिक्का, एक गोल, आणि एक नोटरीचा लाल. दिगंबररावांनी त्या तिन्हींवरून बोट फिरवलं. "पक्कं काम आहे," ते म्हणाले.

त्यानंतर महिनाभर सगळं भराभर होत गेलं. व्हिसा लागून पासपोर्ट घरी आला. भारतीबाईंनी, म्हणजे हर्षदाच्या आईने, लोणच्याच्या बरण्या मेणाने बंद केल्या. मी हर्षदाला एकच काम सांगितलं होतं: तिथे शिकून आलेल्या, नाहीतर शिकत असलेल्या एका तरी हैदराबादच्या मुलाचं नाव आण. वजाबाकी केली की बेरीज करून पडताळा घ्यायचा, हे मी तिला पाचवीत शिकवलं होतं.

ती तीनदा विचारून आली.

"देत नाहीत, सर. म्हणतात, स्टूडंटांची माहिती बाहेर देत नाहीत."

"मग कॉलेजला फोन करू."

दुपारी तीन वाजता आम्ही चौकातल्या बूथवर गेलो. माहितीपुस्तकावरचा नंबर तिने फिरवला. घंटी खूप वेळ वाजत राहिली असावी. मग ती बोलू लागली, इंग्रजीतून, तिच्या नेहमीच्या स्वच्छ आवाजात. नाव सांगितलं. नंतर नुसतीच ऐकत राहिली. काचेआड मला तिचा कानाजवळचा हात दिसत होता. तो हळूहळू खाली यायला लागला. तिने फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"एक माणूस होता. कॉलेजचं नाव नाही घेतलं त्याने. आधी विचारलं, नंबर कोणी दिला. मी म्हटलं, पुस्तकात छापलाय. मग माझं नाव विचारलं. सर, मग त्याने माझी जन्मतारीख सांगितली. जन्मगाव सांगितलं, नांदेड. दहावीला गणितात एक्याण्णव, म्हणाला. वाचून दाखवल्यासारखं."

"आणि?"

"आणि म्हणाला, पुन्हा इथे फोन करायचा नाही. आल्यावर बोलू."

तिची सर्टिफिकेटं किशोरबाबूच्या तिजोरीत आहेत असं आम्हाला सांगण्यात आलं होतं.

आम्ही तिथूनच दिलसुखनगरला गेलो. दुसऱ्या मजल्यावर थंड हवेचं ऑफिस. भिंतीला टेकून चार कुटुंबं बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाईल. किशोरबाबू उठून उभा राहिला. चाळिशीचा, गोड चेहऱ्याचा माणूस. मी काही बोलायच्या आतच त्याने खुर्ची पुढे केली.

"आइए सर. आज उधर फोन कराए ना आप लोगां?"

अजून तासही झाला नव्हता.

"सर्टिफिकेटं कुठे आहेत?" मी विचारलं. त्याला मराठी कळत होतं.

"वेरिफिकेशन को भेजे, सर. कॉलेज में हैं. सेफ हैं."

"तुम्ही म्हणाला होता इथेच आहेत."

"होते ना. फिर भेजे." तो हसला. "कायकू टेन्शन लेते? बच्ची जाके रिपोर्ट करी तो हाथ में दे देते. ख़ुद को आना पड़ता, बस. पोस्ट से नहीं देते."

"नको आम्हाला. रद्द करा. कागद परत मागवा."

"करते ना, क्यों नहीं करते." त्याने एक कोरा अर्ज माझ्यापुढे सरकवला. "लिख के दीजिए. छे महीने लगते, आठ भी लगते. इधर का एडमिशन अगले महीने है ना बच्ची का? वो लोगां तो ओरिजिनल पूछते." त्याने हर्षदाकडे पाहिलं. "तू सोच, अम्मा. कोई ज़बरदस्ती नहीं."

त्याचा आवाज कुठेच चढला नाही. बाहेर पडताना दारापाशी बसलेल्या एका बापाने मला हळूच विचारलं, "इथे काम चांगलं होतं ना हो?" मी तोंड उघडलं. किशोरबाबू माझ्यामागे उभा होता.

"एकदम अच्छा होता," तो म्हणाला.

संध्याकाळी दिगंबररावांनी पावती पुन्हा काढली आणि पहिल्यांदाच उलटी केली. मागे बारीक छपाई होती. कागद संस्थेच्या सोयीने परत मिळतील, आणि विद्यार्थ्याने स्वतः हजर होऊन घ्यावेत. खाली हर्षदाची सही. शेजारी साक्षीदार म्हणून दिगंबररावांची.

"सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचे कागद मी मागून-पुढून वाचले," ते म्हणाले.

"डुप्लिकेट निघतात ना?" भारतीबाईंनी विचारलं.

"निघतात," दिगंबरराव म्हणाले. "कागद हरवले असं पोलिसात लिहून द्यायचं, आणि कोर्टात तसं प्रतिज्ञापत्र करायचं."

"मग करा की!"

"हरवलेत कुठे? कुठे आहेत ते ठाऊक आहे. पावती आहे माझ्याकडे. हरवले म्हणून शपथ कशी घेऊ?"

"अहो, पोरीपेक्षा शपथ मोठी आहे का तुमची?"

"खोट्या प्रतिज्ञापत्राला मी स्वतः लाल शेरे मारलेत, भारती. खाली कलमं लिहिलीत. त्याच टेबलावर जाऊन मी..."

"मग मारा आता घरात शेरे. तिच्या कपाळावर मारा!"

दिगंबररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी म्हणायला हवं होतं की करा, शपथ घ्या, पाप माझ्या माथी. पण मीही चौतीस वर्षं मुलांच्या सर्टिफिकेटांच्या नकलांवर 'मूळ प्रत पाहिली' असं लिहून सही करत आलो होतो. न पाहता एकदाही केली नाही. आणि कागद द्या म्हणून सांगणाराही मीच होतो.

हर्षदा इतका वेळ कपाटाला टेकून उभी होती.

"भांडू नका," ती म्हणाली. "मी जाते. आधी कागद ताब्यात घेते. कॉलेज बरं असलं तर राहीन, नसलं तर पहिल्या विमानाने परत. बाबांनी खोटं लिहायचं नाही आणि मी वर्षभर घरात बसायचं नाही. काय, सर?"

ती माझ्याकडे उत्तर तपासून घ्यायला बघत होती, लहानपणी वही पुढे करून बघायची तशी. रीत बरोबर होती. पण त्या बाजूला काय आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसताना उत्तर बरोबर म्हणता येत नाही.

"पासपोर्ट कोणाच्या हातात द्यायचा नाही," मी म्हणालो. "अधिकारी मागतील तेव्हाच दाखवायचा, आणि लगेच परत घ्यायचा. कोणीही काहीही सांगो."

"हौ, सर."

बेगमपेटच्या विमानतळावर आम्ही दुपारी पोचलो. मुंबईमार्गे जाणारी नऊ मुलं होती. आठ मुलगे आणि हर्षदा. किशोरबाबू आला नव्हता. त्याचा एक माणूस होता, निळ्या सफारीतला, हातात वही. त्याने सगळ्यांना रांगेत उभं केलं.

"पासपोर्ट लाओ सब. ग्रुप का चेक-इन एक साथ होता."

मुलांनी पटापट दिले. त्याने ते एकावर एक ठेवून रबरबँड लावला आणि बॅगेत टाकले. मग हर्षदापुढे येऊन हात पसरला.

"माझा मी दाखवीन," ती म्हणाली.

"सबका मेरे पास है, अम्मा. सबके साथ चलना."

"नाही. माझ्याजवळच राहू दे."

रांगेतले आठही जण तिच्याकडे वळून बघू लागले. एकजण कुजबुजला, "दे ना यार, फ्लाइट मिस होएगी." भारतीबाईंनी माझी बाही घट्ट धरली होती. हर्षदाने पासपोर्ट दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि त्या माणसाच्या डोळ्याला डोळा देऊन उभी राहिली.

तो रागावला नाही. हात मागे घेतला, वही उघडली आणि तिच्या नावापुढे काहीतरी लिहिलं.

"ठीक है. तुम पीछे से आओ."

ती शेवटी गेली, बाकीच्यांपासून चार पावलं अंतर ठेवून. काचेच्या दारापलीकडून तिने हात केला. दिगंबररावांनी दोन्ही हात वर केले आणि ते तसेच ठेवले, ती दिसेनाशी झाल्यावरही.

विमान गेल्यावर दिगंबरराव आणि भारतीबाई रिक्षा बघायला निघाले. निळ्या सफारीतला माणूस मुलांबरोबर गेला नव्हता. आठ पासपोर्टांची बॅग त्याने आतल्या कोणाकडे तरी दिली असावी. तो टेलिफोनच्या बूथमध्ये शिरला. दार नीट लागत नव्हतं. मी बाहेर खांबाशी उभा राहिलो. त्याने परदेशाचा लांबलचक नंबर फिरवला आणि वाट पाहिली. समोरून कोणीतरी बोललं तेव्हा त्याने नऊ जणांपैकी फक्त हर्षदाचं नाव सांगितलं. पलीकडच्याला ते नीट कळलं नसावं. मग वहीत बघून, एकेक अक्षर सुटं करून, माझ्या वर्गातल्या मुलांना शिकवावं तितक्या शांतपणे, त्याने ते पुन्हा सांगितलं.