उगवतीचा तिरंदाज

भाऱ्याकडं नजर रोखली की भाराच नाहीसा होतो, हे जोतीरामला पहिल्यांदा कळलं ते माघातल्या एका बाजाराच्या दिवशी. दोरी कानापर्यंत ओढलेली, माणसं श्वास धरून उभी, आणि समोर खुंट्याला बांधलेल्या पेंढ्याच्या भाऱ्यावर मधोमध एक मळकट डाग. त्याला वाटलं, डोळ्यात काही गेलं. डोळा जरा कडेला नेला तर भारा दिसला, पुन्हा सरळ पाहिलं तर गडप. फार वेळ थांबणं बरं दिसलं नसतं. त्यानं हाताच्या सवयीवर भिस्त ठेवून बाण सोडला. बाण भाऱ्यात रुतला, माणसं ओरडली, उगवतीची फळी जिंकली. जोतीराम मात्र खाली बसून उगाचच कमठ्याची दोरी सोडत राहिला.

ही तिरंदाजी त्या मुलखातली नव्हती. आष्ट्याच्या पलीकडं, कृष्णेच्या काठाला धरून एक लहानसं संस्थान होतं. तिथं हा खेळ आला तो लढाईमुळं. जोतीराम आणि त्याच्याच गावचा हंबीरराव, दोघं एका वेळी पलटणीत गेलेले. जोतीरामला खेचरांच्या कंपनीत घातलं होतं. हिवतापानं झिजून तो शिलाँगच्या लष्करी दवाखान्यात पडला आणि बरा होता होता तिथल्या लोकांचा खेळ बघायला जाऊ लागला. दुपार कलली की ती माणसं तिरकामठे घेऊन जमायची, भाऱ्यावर बाण मारायची, आणि गावचे लोक त्यावर उघडपणे पैज लावायचे. एका म्हाताऱ्यानं एकदा हसत हसत याच्या हातात कमठा दिला. बाण कुठं गेला ते बघून म्हाताऱ्याचं हसू थांबलं, आणि दुसऱ्या दिवशी तो दवाखान्याच्या फाटकाशी जोतीरामला न्यायला येऊन उभा राहिला.

लढाई संपल्यावर दोघं परत आले. हंबीरराव डोक्यानं चलाख. त्यानं दरबारात अर्ज करून बाजाराच्या दिवशी तिरंदाजीवर पैज घ्यायचा मक्ता मिळवला. दरबाराच्या शिक्क्याच्या चिठ्ठ्या, फौजदाराचा शिपाई हजर, आणि उत्पन्नातला वाटा खजिन्यात. पत्ते कुटणाऱ्याला ज्या संस्थानात फटके पडायचे, तिथंच हा जुगार राजरोस सुरू झाला. एक उगवतीची फळी, एक मावळतीची. ज्या फळीचे जास्त बाण भाऱ्यात, ती जिंकली. वर्षभरात असं झालं की उंब्रजेपासून माणसं गाड्या जुंपून यायची आणि जोतीराम कुठल्या फळीत आहे एवढंच विचारायची.

जोतीरामला पैशाचं काही वाटत नसे. त्याला वाटायचं ते बापाचं. नाथाजीनं पोराला पलटणीसाठी माफ केलं नव्हतं. पोरगा न सांगता भरती झाला आणि तो तिकडं ब्रह्मदेशाच्या हद्दीवर असताना त्याची आई गेली. तो परत आल्यावर म्हातारा एका घरात राहूनही त्याच्याशी सुनेमार्फत बोलायचा. "त्याला म्हणावं बैलांला पाणी दाव," असं. पण तिरंदाजी सुरू झाली आणि एका बाजारी नाथाजी घोंगडं घेऊन येऊन सगळ्यांच्या पुढं बसला. जन्मात कधी कवडी न फेकलेल्या माणसानं उगवतीची एक चिठ्ठी घेतली. त्या दिवशी घरी जाताना तो जोतीरामला म्हणाला, "हात लय सरळ हाय रं तुझा. आईवर गेलायस." त्यानंतर एकही बाजार म्हाताऱ्यानं चुकवला नाही. जिंकलेले पैसे तो भजनाच्या दिव्याच्या तेलाला द्यायचा आणि वाटेत भेटेल त्याला पोराच्या बाणाचं सांगायचा.

म्हणून जोतीरामनं डोळ्याचं कुणाला सांगितलं नाही.

त्यानं वेगळीच युक्ती धरली. खेळाच्या आदल्या दिवशी मैदानावर जायचं, खुंट्यापासून उभं राहायच्या रेघेपर्यंत चालायचं, पायाची ठेवण, खांद्याचा कल, हनुवटीशी दोरी कुठं टेकते ते अंगात मुरवून घ्यायचं. खेळाच्या वेळी भाऱ्याकडं तोंड करायचं, पण बघायचं नाही. डाग हळूहळू पसरत होता, तरी बाण जागेवर जात होते. चालताना कडेनं दिसायचं, त्यामुळं तो कुठं ठेचकाळत नसे. माणसं आवाजावरून ओळखायची, वस्तू हात फिरवून. कुणी काही दाखवलं तर दुसऱ्याच्या बोलण्यातून अंदाज बांधून झटकन उत्तर द्यायचं. ह्यात तो इतका तरबेज झाला की कधी कधी त्यालाच वाटायचं, आपल्याला दिसतंय.

बायकोला मात्र फसवता आलं नाही. मनुबाई एकदा भाकरी वाढताना म्हणाली, "आवं, बोलताना माझ्या कानाकडं काय बघताय?" तो म्हणाला, तुझ्याकडंच बघतोय. तो बोलत असताना ती बिनआवाज बाजूला सरकली. तो पहिल्या जागेशीच बोलत राहिला. मग तिनं तोंडाला पदर लावला.

दोघं मिरजेला डॉक्टरकडं गेले. ओळखीचं कुणी भेटलं तर बोभाटा नको म्हणून जोतीरामनं तिथं भलतंच नाव सांगितलं. डॉक्टरनं डोळ्यात उजेड पाडून पाहिलं. बुबुळाच्या मागची शीर सुकत चालली आहे, असं तो म्हणाला. ह्याला चष्मा नाही, कापाकापी नाही, आणि आज कडेनं दिसतंय तेही पुढं जाईल.

परत येताना मनुबाईनं एकच धरून ठेवलं, की हंबीररावाला सांगून टाका. माणसं तुमच्यावर विसंबून पैज लावतात, ते बरं नव्हे. जोतीराम म्हणाला, "जत्रा होऊ दे. जत्रंनंतर कमठा ठेवतो खाली. आबाला एवढी जत्रा बघू दे."

मार्गशीर्षात देवीची जत्रा भरली. मैदानाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. उगवतीच्या चिठ्ठ्या सकाळीच संपल्या आणि नव्यांवर शिक्के मारायला कारकून बसवावा लागला. पाळणेवाल्यानं पाळणा मैदानाला लागून उभारला होता. बाण भरकटून कुणाला लागायला नको म्हणून शिपायानं भाऱ्याचा खुंटा उपटून दोन हात डावीकडं रोवला. हे सगळ्यांच्या देखत झालं. जोतीराम तेव्हा देवळात पाया पडायला गेला होता.

तो येऊन रेघेवर उभा राहिला. पायाची ठेवण बरोबर, खांदा बरोबर. पहिला बाण सुटला आणि लोकांचा आवाज आला नाही. त्याला वाटलं, गर्दी दमली असेल. दुसरा सोडला. मागं कुजबुज सुरू झाली. तिसऱ्याला कुणीतरी आईवरून शिवी दिली. चूक झाली हे त्याला कळलं, पण काय चूक ते कुणाला विचारणार? विचारायचं म्हणजे सांगायचं. त्यानं अंग आणखी घट्ट धरलं, आणखी काळजीनं नेम धरला, आणि भात्यातला शेवटचा बाणही जिथं आधीचे गेले होते तिथंच घातला.

सगळे बाण मागच्या मातीच्या बांधात होते. जुन्या खुंट्याच्या खड्ड्याच्या बरोबर मागं, एकमेकांना चिकटून, मुठीत धरता येतील असे. तेच त्याला भोवलं. बाण इकडंतिकडं विखुरले असते तर आज हात बिघडला म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. पण नेम धरून, भारा सोडून, एकाच जागी मारलेले बाण पाहून कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. मक्तेदार त्याचा जोडीदार, सगळा गाव उगवतीवर, आणि जिंकली मावळती. हंबीररावाचा तंबू लोकांनी फाडला. फौजदारानं दोघांना कचेरीत नेऊन बसवलं म्हणून ते वाचले.

दोन दिवसांनी मामलेदारापुढं चौकशी झाली. मक्ता दरबाराचा, तेव्हा बट्टा दरबाराला लागला होता. कचेरीत आणि बाहेर ओट्यावर माणसं दाटली होती. नाथाजी दारातच उभा होता. मामलेदारानं परवानगी दिल्यावर म्हातारा एवढंच बोलला, की माझं पोरगं इकलं जायचं न्हाई. त्यानं न सांगता घर सोडलं असंल, पण खोटं कधी बोलला न्हाई.

मग जोतीरामनं सगळं सांगितलं. डाग कधी आला, तो कसा मारत होता, खुंटा हलवल्याचं त्याला कसं कळलं नाही. सांगताना त्याचा आवाज शांत होता. आता लपवायचं काही उरलं नाही, ह्याचं त्याला बरंच वाटत होतं.

"इथवर तुला कुणी हाताला धरून आणलं का?" मामलेदारानं विचारलं.

"न्हाई साहेब. चालायला दिसतं. निरखून बघायला गेलं की दिसत न्हाई."

कचेरी हसली. मनुबाई बायकांतून पुढं झाली आणि मिरजेच्या डॉक्टरला विचारा म्हणाली. मामलेदारानं डॉक्टरकडं नाव काय लिहिलंय ते विचारलं. तिनं सांगितलं, तेव्हा लोक आणखी हसले. मामलेदार हसला नाही. तो माणूस वाईट नव्हता. जरा विचार करून त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, "जोतीराम, माझ्या हातात काय आहे?"

जोतीरामनं त्या बाजूला तोंड केलं. हात नव्हता, माणूस नव्हता, नुसता डाग होता. पण मघापासून मेजावरून सुपारी कातरल्याचा कटकट आवाज येत होता आणि तो आत्ताच थांबला होता. डोळ्याच्या कडेला काहीतरी चकाकलं. 'दिसत न्हाई' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते खरं होतं. पण सगळी कचेरी गप्प झाली होती, अगदी मैदानावर दोरी ओढल्यावर व्हायची तशी, आणि दारात आबाचा खोकला ऐकू आला. वर्षभर कुणी काही विचारलं की बरोबर तेच उत्तर जिभेवर यायचं. आजही आलं.

"अडकित्ता," तो म्हणाला.

बोलल्यावर त्याला कळलं. मनुबाईच्या तोंडून बारीक आवाज निघाला. मामलेदारानं अडकित्ता मेजावर ठेवला आणि कारकुनाला निकाल लिहून घ्यायला सांगितलं. मक्ता रद्द, हंबीररावाची अनामत जप्त, खेळ बंद. जोतीरामनं पुन्हा संस्थानात कमठा हाती धरायचा नाही. हंबीरराव त्याच्याशेजारी उभा होता. त्यानं मान वळवून जोतीरामकडं पाहिलं नाही.

नाथाजी घरी आलाच नाही. कचेरीतून तसाच निघून तो उंब्रजेला लेकीकडं, हरणाबाईकडं गेला. मनुबाई दोनदा जाऊन आली. म्हातारा तिला भेटला, तिनं नेलेलं खाल्लं, पण जोतीरामचं नाव निघालं की उठून गोठ्यात जायचा. डोळ्यांचं ती परोपरीनं सांगायची. त्यावर तो म्हणायचा, "पोरी, मी दारात हुतो. माझ्या कानानं ऐकलंय."

शिमग्याच्या सुमाराला संस्थान मुंबई इलाख्यात गेलं. राजवाड्यावर दुसरं निशाण लागलं आणि दरबारच राहिला नाही. जोतीरामला ते निशाण कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं. कडेचा उजेडही आता जात होता. पावसाळा लागेपर्यंत तो मनुबाईच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय उंबरा ओलांडेनासा झाला.

श्रावणात हरणाबाईचा निरोप आला, की आबा अंथरुणाला खिळलाय. दोघं सर्व्हिस मोटारीनं उंब्रजेला गेले. मनुबाईनं त्याला हाताला धरून आत नेलं, बापाच्या उशाशी बसवलं. जोतीरामनं चाचपत बापाचा हात शोधला. त्याचा स्वतःचा हात आधी गोधडीवर पडला, मग तांब्याला लागून तांब्या कलंडला. पाणी सगळीकडं झालं.

नाथाजी बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिला. मग कष्टानं म्हणाला, "आता कुणासाठी सोंग करतूस रं जोत्या? इथं कुणी मामलेदार न्हाई."

हरणाबाई रडायला लागली. आबा, त्याला खरंच दिसत न्हाई, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. जोतीरामला हात सापडला होता आणि म्हाताऱ्यानं तो काढून घेतला नव्हता. तेवढ्यावर तो रात्रभर बसून राहिला. पहाटेच्या आधी नाथाजी गेला. चेहऱ्यावरून हात फिरवताना जोतीरामला समजलं, की दाढी बरीच वाढली होती आणि गाल आत गेले होते.

दिवसकार्य झाल्यावर हंबीरराव भेटायला आला. त्या चौकशीनंतर पहिल्यांदाच. पिकाबद्दल, पावसाबद्दल बोलला. आपण मुंबईला चाललोय, एका गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी मिळाली, असं म्हणाला. बोलताना तो जोतीरामचे डोळे बघत होता. जोतीरामला ते त्याच्या थांबण्यावरून कळत होतं. शेवटी तो म्हणाला, "माझ्यावर काय बेतलं त्याचं आता काय बोलायचं न्हाई. येवढंच सांग गड्या, त्या दिवशी दिसत न्हाई म्हणून का न्हाई म्हणालास?"

"आबा दारात हुता," जोतीराम म्हणाला. "त्याच्यासमोर माझं चुकाय नको हुतं."

हंबीररावानं जाताना वहिनी म्हणून मनुबाईला हाक मारली, पायताण घातलं आणि पावसाच्या झिमझिमीत मोटारीच्या वाटेला लागला. तो मुंबईहून पुन्हा गावाकडं आला की नाही, कुणाला ठाऊक नाही. ह्या घरी तो आला नाही.

जोतीराम पुढं पुष्कळ वर्षं जगला. गावात त्याच्या आंधळेपणाविषयी कुणाला शंका उरली नव्हती. माणसं त्याला वाटेला लावून द्यायची, लग्नाकार्यात हाताला धरून पंगतीत बसवायची. पण उगवतीचं कुणी त्याच्यापाशी काढलं नाही. ज्यांनी त्या जत्रेत शिव्या दिल्या होत्या त्यांनी नाही, आणि मनुबाईनंही नाही. आषाढ-श्रावणात, घरात बसून राहायचे दिवस आले की तो दाराच्या आत घायपाताच्या वाकाच्या दोऱ्या वळत बसायचा, आणि कुणी आत आलं की, पावलावरून अंदाज आला तरी, आधी विचारायचा, कोण हाय.